भाऊसाहेब तक्त्यात कसे बसले

भाऊसाहेबांची आणि तिची पहिली भेट झाली ती कचेरीच्या दारात. ही भेट इतकी लांबली की मध्ये दोन उन्हाळे सरले, एक सरकार पडून दुसरं आलं आणि दाराला नवा रंग लागून तो पुन्हा उडाला. निदान तिला तरी तसं वाटलं. घड्याळाच्या हिशेबात पाचएक मिनिटं गेली असतील, पण घड्याळाला भाऊसाहेबांचा अनुभव नव्हता.

ती आत येत होती. खांद्याला लॅपटॉप, हातात वायरींचा गुंता, तोंडात प्रवेशपत्र. भाऊसाहेब बाहेर पडत होते, छातीशी हनुवटीपर्यंत फायली. दोघं उंबऱ्यावर समोरासमोर आली आणि भाऊसाहेब एक पाऊल मागे सरले.

"आधी तुम्ही."

"नको नको, तुमच्या हातात ओझं आहे. तुम्ही या."

"छे, असं कसं? आपण पाहुण्या."

"मी पाहुणी नाहीये, आजपासून इथेच कामाला आहे."

"मग तर पहिला दिवस. पहिल्या दिवशी तरी आधी तुम्हीच."

दाराच्या दोन्ही बाजूंना रांग लागली. शेवटी आतून एक गृहस्थ ओरडले, "अहो, पोराच्या जन्माचा दाखला घेऊन घरी चाललोय. तो कॉलेजात जायच्या आत मला सोडा की!" तेव्हा कुठे दोघं एकदमच निघाली, एकमेकांवर आदळली, आणि फायली जिन्यावरून खाली थेट तळमजल्यावरच्या पाणी विभागात पोचल्या. त्या विभागाच्या इतिहासात एवढ्या वेगाने आलेलं ते पहिलंच टपाल.

तर हे भाऊसाहेब. नगरपालिकेचे हेडक्लार्क. सगळी कचेरी त्यांना तोंडावर 'भाऊसाहेब' म्हणायची आणि पाठीमागे 'आधीतुम्ही'. उंच, वाळकी मूर्ती, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि शर्टाचं वरचं बटण बारा महिने लावलेलं. माणूस आला की ते खुर्चीतून उठत. मोठा साहेब आला तरी उठत, चहा घेऊन येणारा आला तरी उठत. साहेबांचा फोन आला तर उभं राहून बोलत, आणि "ठेवतो" म्हणताना रिसीव्हरला किंचित वाकून नमस्कार करत. त्यांच्या खुर्चीची उशी वीस वर्षांत झिजली नाही याचं कारण शिपाई सगळ्यांना सांगायचा: "बसायला वेळ मिळतोय कुठे त्यांना?"

आणि ती? ती प्रशिक्षक. कर्मचाऱ्यांना एकत्र काम करायची नवी डिजिटल साधनं शिकवायला सहा महिन्यांच्या कंत्राटावर आलेली. याआधी दोन गावांत हेच काम केलं, दोन्हीकडे मुदत संपली आणि बिऱ्हाड हललं. आई बरोबर होती. आईने या घरात अर्धीच खोकी उघडली होती. "मुदतवाढ मिळाली की बाकीची उघडू," ती म्हणायची. "नाहीतर परत बांधायची कोण? मी? माझी कंबर काय कंत्राटी आहे का?"

मुदतवाढ मिळणार की नाही ते एकाच गोष्टीवर अवलंबून होतं. साहेबांनी, म्हणजे नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं, "आमच्याकडे रस्तेवाले डांबर टाकतात आणि आठवड्यात पाणीवाले ते खोदतात. लोक हसतात. सगळ्यांना एकाच ठिकाणी दिसेल असा खोदाईचा तक्ता करा. तो माणसं वापरताना मला दिसली, तर तुम्हाला पुढे ठेवू. नाही दिसली, तर माझ्याकडे कारण उरणार नाही."

साहेब वयाने तिच्याएवढेच. परीक्षा देऊन थेट मोठ्या खुर्चीवर आलेले. बोलणं मोजकं, चेहरा गंभीर.

तिने संगणकावर तक्ता केला, प्रत्येकाला आपापल्या टेबलावरून उघडता येईल असा. रस्ता कुठला, डांबर कधी, खोदाई कधी, जबाबदार कोण. जो कुणी तो उघडेल त्याच्या नावाची एक रंगीत चकती वरच्या कोपऱ्यात दिसे, आणि तो ज्या रकान्यात असेल त्या रकान्याभोवती त्याच रंगाची चौकट. साहेबांना संगणकाने आपल्या मनाने तांबडा रंग दिला, भाऊसाहेबांना जांभळा.

शिकवणी सुरू झाली. रस्तेवाले म्हणजे रस्ते विभागाचे जाडजूड कारकून, आणि पाणी विभागाच्या वहिनी, ज्यांची जीभ पाण्याच्या दाबाने चालायची. या दोघांचं भांडण कचेरीच्या पायाभरणीपासून चालत आलेलं.

"वहिनी, इथे क्लिक करा आणि तुमच्या खोदाईची तारीख घाला."

"घालते. पण यांना वाचता येतं का ते आधी विचारा."

"आम्हाला वाचता येतं हो," रस्तेवाले म्हणाले. "तुमचंच अक्षर लागत नव्हतं इतके दिवस. आता टाईप करताय म्हणून कळलं की तुम्ही रोज खोदता."

सगळे हसले. शिकवणी झकास चालली होती. भाऊसाहेब तर पहिल्या बाकावर, वहीत लिहून घेत. 'माऊसचे डावे बटण दाबावे' हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं, दुसऱ्यांदा खाली रेघ मारून.

पण तक्ता काही जिवंत होईना. म्हणजे सकाळी आल्याआल्या त्यात हालचाल दिसे. वहिनी येत, रस्तेवाले येत, भाऊसाहेबांची जांभळी चौकट हळूहळू, रकान्या-रकान्यात थबकत फिरे. मग अकराच्या सुमारास सगळं गप्प. आणि नेमकं तेव्हाच साहेब तिला बोलावून पडद्यावर बोट ठेवत.

"हे बघा. कोण आहे? मीच. रोज मी उघडतो आणि रोज मी एकटाच."

"सर, सकाळी सगळे होते. कुणी काय भरलं त्याचा इतिहास दाखवते ना."

"इतिहास मी शाळेत खूप वाचला. मला आत्ताचं दाखवा."

तिने सगळ्यांना पुन्हा शिकवलं. मोठ्या अक्षरात पायऱ्या छापून भिंतीवर लावल्या. पासवर्ड विसरलेल्यांना नवे दिले, ते विसरल्यावर आणखी नवे दिले. काही फरक नाही. आई विचारायची, "खोकी?" आणि ती म्हणायची, "थांब जरा."

मग बाजाररस्त्याचं प्रकरण झालं. त्या रस्त्याची डांबराची तारीख साहेबांनी स्वतः तक्त्यात भरली. पण त्याच रस्त्यावर पाण्याची मोठी खोदाई त्यानंतर लगेच होती. वहिनींच्या ते सकाळीच लक्षात आलं. रस्तेवाल्यांच्याही आलं. भाऊसाहेबांच्या तर सर्वात आधी आलं होतं. पण साहेबांनी लिहिलेल्या रकान्यात हात कोण घालणार? वहिनींनी भाऊसाहेबांना फोन केला. भाऊसाहेबांनी तो सगळा तक्ता छापून घेतला, चुकीच्या ओळीशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'कृपया अवलोकन व्हावे' असं लिहिलं, तो फायलीत लावला, फायलीला दोरी बांधली आणि फाईल रीतसर वर पाठवली.

फाईल साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत बाजाररस्ता आरशासारखा गुळगुळीत झाला होता. भाजीवाल्यांनी त्याचं कौतुकही केलं. आणि तिसऱ्या दिवशी पाणी विभागाच्या यंत्राने त्याच्या मधोमध दात रोवले.

साहेबांनी तिला बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "हा तक्ता असूनही असं होत असेल, तर तुमच्या मुदतीबद्दल मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

ती तिथून निघाली ती तडक भाऊसाहेबांच्या खोलीत. रागाने बोलायचं असं ठरवूनच. ते उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली, तिने नको म्हटलं, त्यांनी आग्रह केला, यात तिचा निम्मा राग संपला.

"भाऊसाहेब, तुम्हाला चूक दिसली होती ना?"

"दिसली होती."

"मग दुरुस्त का नाही केली? दोन बटणांचं काम. मी शिकवलं होतं."

"फार छान शिकवलंत. वहीत आहे सगळं."

"मग?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. तक्ता उघडाच होता. वरच्या कोपऱ्यात एक तांबडी चकती टपकन उमटली. साहेब आत आले होते.

भाऊसाहेब उभेच होते, ते आणखी ताठ झाले. हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला, ते लावलेलंच आहे याची खात्री झाली. मग त्यांनी पडद्याकडे पाहून मान किंचित लववली, माऊस हळूच सरकवला आणि तक्ता बंद केला. साहेबांच्या दालनातून पाठ न दाखवता बाहेर पडावं, तसा.

ती बघतच राहिली.

"हे काय केलंत?"

"साहेब आले ना."

"अहो, साहेब त्यांच्या खोलीत आहेत!"

"तक्त्यात आले. आपण आत असताना साहेब आले, तर आपण बसून राहायचं? ते म्हणाले का 'बसा'?"

"आणि बाकीचे? वहिनी? रस्तेवाले?"

"त्यांनाही रीतभात आहे की. सगळेच बाहेर पडतो. साहेब गेले की परत येतो. पण मग साहेब दुपारपर्यंत जातच नाहीत हो," भाऊसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "आम्ही बाहेर ताटकळतो."

तिला हसू आवरेना आणि रडूही. सहा महिन्यांतला बहुतेक वेळ तिने माणसांना आत शिरायला शिकवण्यात घातला होता. माणसं आत शिरायला केव्हाच शिकली होती. त्यांना थांबायला परवानगी हवी होती.

ती पुन्हा साहेबांकडे गेली. सगळं सांगितलं. साहेबांनी समोरची पेन्सिल उचलून पुन्हा खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे ते मला टाळत नाहीत?"

"टाळत नाहीत सर. मान देतायत."

"मला वाटलं, पोरगेलासा साहेब म्हणून ही माणसं मला मोजत नाहीत. मी गेलो की उठून जातात." ते टेबलावरच्या पेन्सिलीचं टोक न्याहाळत राहिले. "आणि 'बसा' मी कसं म्हणू? भाऊसाहेब माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना बसायची परवानगी देणारा मी कोण? उद्धटपणा नाही का तो?"

तिने कपाळावर हात मारायचा मोह कसाबसा आवरला. एक म्हातारा तरण्याच्या मानासाठी बाहेर उभा, आणि तरणा म्हाताऱ्याच्या मानासाठी गप्प. दोघांच्या मध्ये एका रस्त्याचा बळी गेलेला.

"सर, उद्धटपणा माझ्या नावावर टाका. पण उद्या एवढं लिहाच."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम भाऊसाहेबांच्या खोलीत जाऊन थांबली. तक्ता उघडा. जांभळी चौकट नदीकाठच्या रस्त्याच्या रकान्यात. तांबडी चकती उमटली. भाऊसाहेब उठले, हात माऊसकडे गेला, आणि तेवढ्यात सर्वात वरच्या रिकाम्या रकान्यात एकेक अक्षर उमटू लागलं. 'बसा.' मग थोडं थांबून, 'सगळ्यांनी बसा. भाऊसाहेब, आपणही.'

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा वाचलं.

"मला नावानिशी लिहिलंय."

"हो ना. बसा आता."

ते बसले. खुर्ची करकरली, कारण तिला सवय नव्हती. मग जे झालं ते तिला आयुष्यभर आठवत राहिलं. नदीकाठच्या रस्त्याच्या डांबराची तारीख साहेबांनी आदल्याच दिवशी भरली होती, आणि तीही खोदाईच्या आधीची. भाऊसाहेबांची जांभळी चौकट हळूहळू सरकत त्या तारखेवर येऊन थांबली. साहेबांची तांबडी चौकट शेजारच्याच रकान्यात. भाऊसाहेबांच्या कपाळावर घाम. मुलीच्या सासरी पहिल्यांदा बोलायला गेलेला बाप बसावा तसे ते खुर्चीच्या काठावर.

"पुसू?" त्यांनी तिला विचारलं.

"पुसा."

"साहेब बघतायत."

"म्हणूनच पुसा."

त्यांनी पुसलं. बरोबर तारीख घातली. दोन बोटांनी, अक्षरामागून अक्षर, आणि शेवटी सवयीने 'सविनय' असंही लिहिलं. तांबडी चौकट जागच्या जागी थांबली होती. भाऊसाहेबांनी शर्टाचं वरचं बटण पुन्हा चाचपलं. मग शेजारच्या रकान्यात उमटलं: 'बरं झालं सांगितलंत. आभारी आहे.'

त्यानंतर कचेरीला कुणी आवरू शकलं नाही. वहिनी आणि रस्तेवाले तक्त्यातच भांडू लागले. वहिनींनी लिहिलं, 'डांबर टाकायच्या आधी कुणाला विचारता का?' रस्तेवाल्यांनी खाली, 'तुम्ही पाइप गाडायच्या आधी विचारता?' त्याखाली भाऊसाहेबांची जांभळी ओळ, 'दोघांनीही शांततेने घ्यावे ही विनंती,' आणि त्याखाली साहेब, 'भाऊसाहेबांशी सहमत.' त्या दिवशी भाऊसाहेब जेवायच्या सुट्टीपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. चहावाला आला, तेव्हाही ते बसूनच राहिले. चहावाला बाहेर येऊन हळूच म्हणाला, "त्यांची तब्येत बरी आहे ना?"

पुढच्या महिन्यात त्या गावात एकही नवा रस्ता दुसऱ्या दिवशी खोदला गेला नाही. शेजारच्या गावांतून लोक तक्ता बघायला आले. साहेबांनी त्यांना आवर्जून भाऊसाहेबांकडे पाठवलं, आणि भाऊसाहेबांनी वही उघडून प्रत्येकाला माऊसच्या डाव्या बटणापासून सांगितलं.

मग तिच्या मुदतीचा आदेश तयार करायची वेळ आली. मसुदा अर्थातच भाऊसाहेबांकडे आला, आणि आता शिकल्यामुळे त्यांनी तो सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी उघडला. ती आपल्या टेबलाशी बसून बघत होती. जांभळ्या अक्षरांत तिच्या कौतुकाच्या सात ओळी उमटल्या. मग साहेबांची चौकट आली आणि कौतुकाखाली लिहिलं गेलं की कर्मचारी आता साधनं स्वतः वापरू लागले असल्याने प्रशिक्षकाच्या पदाची आवश्यकता राहिलेली नाही, आणि वरच्या कार्यालयाने पद रद्द केलेलं आहे. जांभळी चौकट त्या ओळीवर बराच वेळ उभी राहिली. ओळ पुसली गेली, पुन्हा आली, पुन्हा पुसली गेली. शेवटी ती राहिली.

संध्याकाळी भाऊसाहेब तिच्या टेबलाशी आले. तिने खुर्ची पुढे केली आणि ते बसले. दोघांनी एकेक कप चहा घेतला.

आदेशावर शुक्रवारी सही झाली. महिनाअखेरीस तिचं कंत्राट संपलं.