मालकाचा पटका

चिकोडीच्या कोर्टात मी त्याला एकदाच पाहिले. इंग्रजी अमदानी होती. तो निपाणीच्या एका तंबाखू वखारीतला हमाल होता. कुजलेला दोर बदलण्यात मालकाने टाळाटाळ केली; तो तुटला आणि तंबाखूचे बोद, म्हणजे गच्च भरलेली मोठाली पोती, याच्या डोक्यावर कोसळले. तेव्हापासून त्याचा डावा हात लुळा पडला होता. भरपाईचा दावा त्याने स्वतःच लावला होता. प्रश्न ऐकताना तो उजवा कान पुढे करी आणि सावकाश उत्तर देई.

मालकाचे वकील म्हणाले, "इस्पितळात मालकांनी तुला नवा पटका बांधला, नारळ दिला. आपल्याकडे पटका बांधून घेतला की तंटा मिटतो. खरे ना?"

"व्हय."

दावा बुडाला, असे मला वाटले.

"पर सायेब, तवा मला सुद न्हवती. बेसुद मानसाला मुंडावळ्या बांधल्या म्हनून लगीन हुतंय व्हय?"

कोर्ट हसले. त्याने एका हाताने पटका सोडला आणि मालकापुढे ठेवला. "घ्या अण्णा. परत द्याया म्हनूनच घालून आलतो."

टाळूवर मूठ बसेल एवढा खळगा होता. मुन्सफांनी तो पाहिला आणि पुढचे प्रश्न थांबवले. मागितली तेवढी भरपाई मंजूर झाली.

आमच्या भागात तेव्हा सुतकातलाच पुरुष उघड्या डोक्याने बाजारातून जाई. हा भर पेठेतून ताठ चालला. एका म्हातारीने हळहळून विचारले, "कोन गेलं रं बाबा?"

"कोनबी न्हाय, आक्का. जिकून आलोय."