गोल कुलूप आणि दादाची पेटी

आमच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा आहे. ज्या चाव्यांची कुलपं कुठेच सापडत नाहीत, त्या चाव्या त्यात पडतात. उपयोग काही नाही, पण फेकवतही नाहीत. चावीवाल्याच्या धंद्यातले किस्से तसेच साठतात. चहा आला की डबा हलवायचा, एखादा बाहेर पडतोच!

घोडेगावात स्टँडच्या बाहेर आमचं टेबल. आमचं म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं. कुणाचं कुलूप अडलं की, "या की राव, लवकर!" आणि गावात चोरी झाली की पहिली नजर आमच्याकडेच. दादा म्हणायचा, "आपल्याला लोक अडल्यावर भाऊ म्हणत्यात, उघडल्यावर चोर."

*

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. जलदानाचा विधी झाला आणि चौथ्या दिवशी कमलवहिनी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"भाऊजी, त्यांची पेटी द्या. मी बसते धंद्याला. पोरगी जुन्नरला कॉलेजात हाय, दुसऱ्याच्या बटाट्याच्या रानात किती दिस राबू?"

दादाची सगळी हत्यारं त्या लोखंडी पेटीत. पेटीला गोल कुलूप, म्हणजे ज्याची चावी नळीसारखी असते ते. मी म्हणालो, "चावी सापडत न्हाई वहिनी. कुठं ठिवली, दादालाच ठाव."

चहावाला बबन म्हणाला, "तोडा की मग!"

"त्यांनी उभ्या जन्मात कुणाचं कुलूप तोडलं न्हाई," वहिनी म्हणाली. "मला उघडाया शिकवा."

हसू आलं मला. चारचौघांत बोलून गेलो, "ज्या दिवशी ही पेटी हातानं उघडाल, त्या दिवशी अर्धं टेबल तुमचं!"

वाटलं, आठवड्यात कंटाळेल. पण बबन साक्षीला होता, आणि त्या मेल्याची आठवण लई दांडगी!

*

गोल कुलपात सात पिना गोलात बसवलेल्या असतात. त्या उघडायला सात काड्यांची नळी. काड्यांनी पिना हळूहळू आत ढकलायच्या आणि नळी अलगद फिरवायची. बोलायला सोपं आहे.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे जोर. नळी पिळली की सगळ्या पिना जागच्या जागी आवळून बसतात. एका जुन्या कुलपावर वहिनीनं तीन दिवस असा जोर लावला की तिच्या बोटांना वळ उठले.

मी वैतागून म्हणालो, "अहो, हे कुलूप हाय, दगडी जातं न्हाई!"

"जात्याला तरी कुठं जोर लागतो?" ती म्हणाली. "तुमी दळलंय का कंदी?"

पण तेवढ्यावरून तिला कळलं. हात सैल सोडला आणि दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. बबननं चहा फुकट दिला. मला नाही दिला.

*

महाळुंगे पडवळ गावात पाण्याच्या मशीनची चावी हरवली. नाणं टाकलं की पाणी देणारं ते मशीन. सकाळपासून बायका जार घेऊन उभ्या. मी वहिनीला पुढे केलं. नळी जराशी फिरली, बायका "उघडलं, उघडलं!" म्हणेपर्यंत खट्‌कन अडकली. मागेही येईना, पुढेही जाईना.

गर्दीतला एक पुढारी म्हणाला, "बाईमाणसाच्या हाती कुलूप दिलं की आसंच व्हायचं!"

सगळे हसले. मीही हसलो. आज सांगताना लाज वाटते, पण हसलो.

खरं तर चूक माझी होती. नळीवर एक कडं असतं. पिना बसल्या की ते आवळायचं, म्हणजे काड्या हलत नाहीत. ते आवळायला मी शिकवलंच नव्हतं. तसं केलं नाही तर नळी थोडी फिरते आणि पिना पुढच्या घरात पडतात. आमच्यात पिनेच्या भोकाला घर म्हणतात. कुलूप उघडतं, पण नुसतं एका घरापुरतं.

हे मी तिला समजावून सांगायला लागलो, तर म्हणाली, "एका घरातनं सुटलं की दुसऱ्या घरात आडाकतं. ह्ये मला ठावं हाय भाऊजी. दुसरं काय शिकवायचं आसंल तर शिकवा."

*

मग एका हापिसातलं कपाट. हापिसाचं नाव घेत नाही, उद्या तिथेच दाखल्याला जायचंय.

तासभर झाला तरी एक पिन हलेना. मी म्हणालो, "वहिनी, आदी बॅटरी मारून आत बघा. कुलूप आपली हकीकत सोताच सांगतं. रोज चावी लागत आसंल तर कडा चकाकते, तेलाचा वास येतो. न्हाईतर धूळ. धूळ आसली तर फुंकर मारा, रॉकेलचा थेंब सोडा, मग नळी घाला."

तिनं बॅटरी मारली. "साहेब, ह्यात तर मातीच हाय."

"काहीतरीच काय! कपाट रोज उघडतं," साहेब म्हणाले.

रॉकेल सोडलं, कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात पहिलाच कागद वहिनीच्या विधवा पेन्शनचा अर्ज! वर्षभर ती चकरा मारत होती आणि साहेब दर वेळी सांगत होते, "फाइल वर पाठवलीय."

वहिनीनं अर्ज हातात घेतला. "साहेब, वर म्हंजे वरच्या कप्प्यात व्हय?"

*

जुन्नरच्या बाजूला एका गावात देवळातली दानपेटी अडली. आम्ही पोचलो तर पेटी आधीच बाहेर पिंपळाखाली आणून ठेवलेली. "पावणं, तुमाला आत यायचा तरास कशाला?" एवढं गोड बोलून माणसाला बाहेर ठेवायची कला आमच्याकडे जुनी आहे. आमच्या आज्यानं बुद्धाचा रस्ता धरला, तरी पिंपळाखालची जागा काही बदलली नाही.

मी पिशवीतून नळी काढून वहिनीच्या हातात दिली. पोट माणसाला गप्प बसायला शिकवतं.

वहिनीनं पिना बसवल्या, कडं आवळलं, पेटी उघडली. आणि नोटा गोळा करायला आलेल्या माणसाला शांतपणे विचारलं, "भाऊ, कुलपाला माझा हात लागला. आता नोटा धुऊन घेणार का तशाच?"

हत्यारं पिशवीत भरायला मी खाली वाकलो, तो बराच वेळ वर बघितलंच नाही.

*

गेल्या महिन्यात, बाजाराच्या दिवशी, वहिनीनं माझ्या टेबलाखालची दादाची पेटी काढून वर ठेवली. बबन किटली सोडून धावत आला. "अर्ध्या टेबलाचा शबूद हाय बरं का!"

मी म्हणालो, "घाई कशाला वहिनी? दोन वर्सं बंद हाय, गंजलं आसंल. आदी रॉकेल सोडा."

वहिनीनं बॅटरी मारली. कुलपाच्या आत बघत राहिली. किती वेळ बघावं! मग कडेवरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकापाशी नेलं.

"रॉकेल नगं," ती म्हणाली.

बबननं ओतलेला चहा निवायच्या आत कुलूप उघडलं. बबननं टाळ्या वाजवल्या. वहिनीनं दादाची हत्यारं एकेक करून बाहेर काढली, कानस, पक्कड, छोटी हातोडी, आणि टेबलाच्या अर्ध्या भागावर ओळीनं मांडली. माझा पत्र्याचा डबा तिनं माझ्या बाजूला सरकवला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, आता ह्या कुलपाला नवी चावी बनवून देतो तुमाला."

तिनं मान वर केली नाही.

"नवी कशाला, भाऊजी? जुनी राहू द्या तुमच्या खिशात. मला लागत न्हाई."