सुमेधाताईंनी तपासलेलं ॲप

माझं ॲप बघून जी एकच व्यक्ती माझ्याशी खरं बोलली, ती काल गेली.

सुमेधाताई. परळच्या चाळीत वाढल्या, सगळी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये काढली. ऑफिसात माझ्या सीनियर. रिटायर झाल्यावरही माझा कोड वाचायच्या.

दोन वर्षांपूर्वी मी एक ॲप बनवलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत उतरलेल्या लालबाग-परळच्या माणसांच्या आठवणी, त्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या आवाजात. नाव टाकलं की त्या माणसाचं पान उघडायचं.

सगळे म्हणाले, भारी. एक नंबर.

लाँचला आठ दिवस होते. ताईंना म्हटलं, एकदा बघून घ्या.

त्यांनी प्रभादेवीला घरी बोलावलं. समोर वहीची दोन पानं भरलेली.

आधी चांगलं सांगितलं, तेही नेमकं.
"आवाज स्वच्छ आहेत. माझ्या जुन्या फोनवरही अडकत नाही. मेहनत दिसते रे."

मग फोन माझ्याकडे सरकवला. "आता यशोदा शोध."

शोधलं. काहीच नाही.

"माझी आई. मोर्चात लाठी बसली होती तिला. हात शेवटपर्यंत नीट वर गेला नाही."

मी त्यांच्या वडिलांचं पान उघडलं. तिथे लिहिलेलं: पत्नीसह सहभागी.

"तू मुद्दाम नाही केलंस, ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या. "तुझ्या फॉर्मला फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लागतं. बाकीच्यांना जागाच नाही."

"ताई, आठ दिवसांत अख्खा डेटाबेस बदलू?"

"तारीख तू ठरव. ॲप तुझं आहे. पण छान झालंय, असं मी म्हणणार नाही."

मी चहा अर्धा टाकून निघालो. गिरगावात घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो.

चार दिवस फोन केला नाही.

पाचव्या दिवशी 'पत्नीसह' एवढाच शब्द सर्च केला. पानं संपेचनात.

लाँच पुढे ढकललं. सगळी रेकॉर्डिंग्ज पुन्हा ऐकली.
म्हाताऱ्यांनी बायकांची नावं घेतली होती. स्पष्ट घेतली होती. मीच लिहून घेतली नव्हती.

यशोदाबाईंचं पान उघडलं त्या दिवशी ताईंनी ते फोनवर शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "नाव बरोबर लिहिलंयस."

तेव्हापासून प्रत्येक व्हर्जन आधी त्यांच्याकडे जायचं. त्या आजारी पडल्यावरसुद्धा.

गेल्या मंगळवारी दुपारी हॉस्पिटलमधून मेसेज आला.
"नवीन बघितलं. दोन ठिकाणी खटकतंय. आत्ता सांगू?"

मी मीटिंगमध्ये होतो. लिहिलं, "उद्या बोलू ताई. आराम करा."

बुधवारी त्यांना बोलता येत नव्हतं.

आज सकाळपासून ॲप उघडून बसलोय. एक जागा सापडली, असं वाटतंय.

दुसरी सापडत नाही.

शोधतोय, ताई.

जय भीम.