नाना टॅक्स भरतात

विश्रांतवाडीत आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो, तेव्हा महिन्याच्या वीस तारखेनंतर घरात भाजी शिजत नसे. पिठलं होई, आणि पंचवीस तारखेनंतर तेच पिठलं पातळ होई. अशा घरातल्या कर्त्या माणसाला कसली हौस असावी? माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, इन्कम टॅक्स भरायची हौस होती.

थट्टा करत नाही. कारखान्यात त्यांच्याबरोबरचे लोक गाडीची, फ्लॅटची स्वप्नं बघायचे. नानांना आयुष्यात फक्त एकदा, आपल्या नावानं, सरकारला टॅक्स द्यायचा होता.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घरमालकांनी घातलं. घरमालक म्हणजे निवृत्त हेडक्लार्क. त्यांचं बोलणं असं, की माणूस जिना उतरून खाली गेल्यावर त्याला कळावं, आपला अपमान झाला. आमच्या खिडकीसमोर रस्त्यावरचा दिवा होता. त्याचा उजेड आत येई, म्हणून आई आमचा बल्ब लावत नसे. एका संध्याकाळी ती त्या उजेडात तांदूळ निवडत होती. घरमालक भाडं मागायला आले आणि दारातून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. आम्ही टॅक्स भरतो तो आपल्यासाठीच. निवडून झाले की सांगा, दिवा बंद करायला कळवतो."

नाना जेवत होते. ताटावरून उठून त्यांनी हात धुतला. "मालक, एक दिवस मी बी भरीन. पावती दाखवाया येईन."

"अवश्य या," घरमालक म्हणाले. "येताना भाडंही आणा."

रस्त्यावरच्या दिव्याचा आणि इन्कम टॅक्सचा काही संबंध नसतो, हे मला बी.कॉम. करताना कळलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली, त्यामुळे कळलेलं लगेच सांगायची मला खोड होती. नानांना सांगितलं. ते म्हणाले, "ग्रॅज्युएट, तू आता मधी येऊ नको."

बजेटच्या दिवशी नाना रजा टाकत. सकाळी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालत आणि लग्नाला आल्यासारखे टीव्हीसमोर बसत. पॅन कार्ड त्यांनी लॅमिनेट करून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. बजेटच्या दिवशी त्यालाही हळद-कुंकू लागे. आई म्हणायची, "अहो, देवाला हे कार्ड कशाला लागतंय?" नाना म्हणायचे, "देवाला न्हाई. कार्डाला देव लागतोय."

देव काही पावत नव्हता. भोसरीच्या कारखान्यात लेथवर लागलेले नाना ओव्हरटाइम करून करून वर चढत होते, पण पीएफ आणि विमा वजा जाता हिशेब दर वर्षी टॅक्सच्या मर्यादेखाली घसरायचा. शेवटी एकदा पोचतील असं वाटलं, आणि त्याच वर्षी पाच लाखांपर्यंत टॅक्स शून्य झाला. कारखान्यात पेढे वाटले. नानांनी आपला पेढा रुमालात बांधून घरी आणला आणि सुतकातल्यासारखा माझ्यापुढे ठेवला. पुढे ते सुपरवायझर झाले, पाच लाख ओलांडले, तर नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत शून्य. "पीएमटीच्या बसमागं पळावं तसं झालंय," ते म्हणाले. "डायव्हर आरशात बघतोय आन् गाडी पुढं घेतोय."

तोवर आम्ही ती खोली सोडून फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, आणि मी एका सीएच्या ऑफिसात रिटर्न भरायच्या कामाला लागले होते. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस 'काहीतरी करून कमी करा' म्हणत येतो. नाना एकटेच 'काहीतरी करून बसवा' म्हणत. आई ब्लाउज शिवायची, तर म्हणाले, "तिचं माझ्यात मिळव." मी सांगितलं, तिच्या कष्टाची कमाई तिची, नवरा-बायकोचा टॅक्स वेगवेगळा धरतात.

"रेशन कार्डावर एकत्र," नाना म्हणाले, "आन् मानाच्या येळेला वायलं?"

मी त्यांची समजूत घालायला म्हटलं, "नाना, आपण साबण घेतो त्यावरही टॅक्स असतोच की."

"त्यो साबणाचा टॅक्स. त्याच्या पावतीवर नाव कुणाचं? साबणाचं."

जुन्या पद्धतीनं, कुठलीच वजावट न मागता भरला तर टॅक्स बसत होता, पण तो पन्नासएक हजार. आई म्हणाली, "मान हवाय ना? स्वस्तातला घ्या."

निवृत्तीचं वर्ष आलं. एकतीस मार्चला नोकरी संपणार होती. एक फेब्रुवारीला नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसले, आणि टीव्हीवर बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं जाहीर झालं. शेजारच्या फ्लॅटमधून टाळ्यांचा आवाज आला. नानांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. "बारा," ते म्हणाले. "माझ्या तीन पिढ्या एकत्र केल्या तरी बारा व्हायच्या न्हाईत."

तेव्हा माझं बी.कॉम. कामाला आलं. मी म्हटलं, "नाना, बारा लाख पुढच्या वर्षीपासून. या वर्षाला सातच. पगारदारांची पंचाहत्तर हजारांची सूट धरून पावणेआठ. त्याच्या वर दहा रुपये जरी गेलात ना, तरी टॅक्स लागेल. आणि वर जेवढं जाल, जवळजवळ तेवढाच. फार नाही."

"म्हंजी स्वस्तातला?"

"स्वस्तातला."

पुढचे दोन महिने नानांनी एकही सुट्टी घेतली नाही. साठीला टेकलेला माणूस, डबल ड्यूटी करत होता. मॅनेजरांना वाटलं, कंपनी सोडवत नाही बिचाऱ्यांना. निरोप समारंभात ते तसं बोललेही. नानांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि हळूच विचारलं, "हे बी उत्पन्नात धरत्यात का?"

जूनमध्ये कंपनीचा फॉर्म सोळा, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, आला. मी बेरीज केली. त्यांच्या बचत खात्याचं व्याज मिळवलं. पुन्हा केली. चार हजारांनी कमी पडत होते.

वर्ष संपलं होतं, आता काही कमावता येणार नव्हतं. नाना दुसऱ्या दिवशी थेट आमच्या ऑफिसात आले आणि सीए साहेबांपुढे रद्दीवाल्याच्या चिठ्ठ्या ठेवल्या. "वर्षाची रद्दी विकलीया. धरा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नाना, घरची रद्दी उत्पन्नात येत नाही हो."

"लोकं काळा पैसा पांढरा करत्यात. मी रद्दीचा पैसा दावतोय, त्यो बी तुमाला नको?"

त्या संध्याकाळी नाना जेवले नाहीत. आई ओट्याशी बराच वेळ उगाच एकच पातेलं घासत होती. मग हात पुसून कपाटाकडे गेली आणि साड्यांच्या घडीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तिच्या नावावरची साठ हजारांची एफडी.

"हे पैसे कुठले गं?" मी विचारलं.

"ह्यांचे बोनसचे. दिवाळीला बांगडीसाठी द्यायचे ते."

नाना उभे राहिले. "म्हंजी बांगडी?"

"सोनाराकडे टाकलीय म्हणून सांगितलं होतं."

"अकरा वर्सं?"

"तुम्ही कधी विचारलंत?" आई म्हणाली. "आजारपणाला असावेत म्हणून ठेवले होते. पण तुमचा चेहरा बघवेना."

कष्टाची कमाई बायकोची, पण नवऱ्यानं बायकोला असेच दिलेले पैसे बँकेत ठेवले, तर व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. असा नियम आहे. मी एफडीचं व्याज मिळवलं. पंचाहत्तर हजारांची सूट वजा जाता सात लाख तीनशे दहा रुपये झाले. सेस धरून टॅक्स तीनशे वीस. नाना बांगडी विसरले. आई मात्र पुढे म्हणत राहिली, की अकरा वर्षांची चोरी पकडली गेली ती पोलिसांकडून नाही, नवऱ्याच्या हौसेपायी.

पावतीची प्रिंट घेऊन मी आणि नाना जुन्या घरमालकांकडे गेलो. ते आता फार थकले होते. त्यांनी भिंग लावून पावती वाचली, वरचं नाव दोनदा वाचलं.

"तीनशे वीस," ते म्हणाले. "वा. देश आता सुधारणारच."

नाना नुसते हसले. मग घरमालकांनी पावती परत दिली आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "माझा बंद झाला हो. पेन्शन बसत नाही आता त्यांच्या हिशेबात. काही वर्षं झाली."

मला वाटलं, एवढी वर्षं साठवलेलं नाना आता बोलणार. बाहेर रस्त्यावरचा दिवा नुकताच लागला होता.

"असू द्या, मालक," नाना म्हणाले. "तुमी बसा निवांत. आमी हाय."

घरमालकांनी आम्हांला प्रथमच चहा विचारला. साखर कमी होती, पण चहा होता.

नाना त्या दिवाळीनंतर गेले. झोपेतच. देव्हाऱ्यातलं पॅन कार्ड आईनं तसंच ठेवलंय, शेजारी पावती. एफडी मोडून मी तिला बांगडी करून आणली. ती म्हणते, सोनारानं फार वेळ लावला.

आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी आणि पहिला इन्कम टॅक्स नानांचा. दुसरा अजून कुणी भरलेला नाही.