बाबा वहिनीला ओळखतात, मला नाही

आज संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचले तर बाबांनी विचारलं, "कोण?" मी त्यांच्या समोरच उभी होते.

वयामुळे त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. कडेचं दिसतं, समोरचा चेहरा दिसत नाही. नेत्रदानातून आलेल्या डोळ्यांत शिसं आणि कॅडमियम किती साठलंय, हे मोजणं माझं काम. बाबा मानपाड्याजवळ प्लेटिंगच्या कारखान्यात होते, तिथे लोखंडी भागांवर कॅडमियमचा मुलामा देत. त्याचा या आजाराशी संबंध असू शकतो, सिद्ध करता येत नाही. हे मी त्यांना नीट समजावलंय.

तेवढ्यात वहिनी आली. चपला काढतानाच म्हणाली, "बाबा, मी आले हो. गवार नव्हती, भेंडी खावी लागेल."

"तू करशील ते खातो बाई," बाबा हसले.

मी म्हटलं, "तिला बरं ओळखता."

"अगं, ती दारातूनच बोलत येते. तू नुसती येऊन उभी राहतेस."

वहिनी लग्न होऊन या घरात आली, मी इथेच वाढले. बाबांच्या आजाराबद्दल तिच्यापेक्षा मला कितीतरी जास्त कळतं. तरी हे तिला सुचलं, मला नाही. मला तिचा अजूनही हेवा वाटतोय.

उद्या घरात शिरताना काय बोलायचं, तेच सुचत नाहीये. तुम्ही काय बोलता?