बांधाजवळचा नर

लढाईच्या त्या वर्षांत तिसगावच्या बाजूला आमच्याकडे सरकारी परवान्याचा गांजा होता. अर्धं रान आमचं, अर्धं थोरल्या दिरांचं, मध्ये नुसता बांध. या पिकात नराची झाडं वेळेत उपटावी लागतात. एक जरी राहिलं तरी मादीच्या तुऱ्यांत बी भरतं आणि माल वाया जातो. नर ओळखावा तर माझ्या जावेनं. चालता चालता पेराला बोट लावून ती सांगायची. सासूबाईंनी तिला शिकवलेलं. मी लग्न होऊन आले तोवर त्या गेल्या होत्या.

एकदा मी स्वतः उपटायला गेले आणि चांगली मादीच उपटली. आमचे हे म्हणाले, "तू हात नको लावू. वैनी येतील." माझ्या रानात तिला बोलावणं! त्या दिवसापासून तिचं हसणंसुद्धा मला सहन होईना.

त्या साली बांधालगत, तिच्या बाजूला, एक नर मला दिसला. तिच्या नजरेतून सुटलेला. मी त्याच्यावर शेजारच्या तुरीच्या फांद्या वाकवल्या आणि गप्प राहिले.

थंडीत तुरे चोळले तर बीच बी. तिच्या रानात, तसंच माझ्याही. वारा काय बांधाला थांबतो? गोदामातल्या कारकुनानं दोन्ही घरचा माल नापास केला. आमचे हे दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात शेतकी खात्याचे एक साहेब आले. म्हणाले, "गांजाचं बाहेरचं बी पाण्याची ओढ बसली की मान टाकतं. तुमचं गावठी तग धरतं. संकरासाठी तेच हवंय."

माझ्याकडे पोतंभर बी होतं, सगळं एकत्र झोडलेलं. जावेनं तीन गाडगी पुढे ठेवली. "ह्ये लवकर तयार झाल्याल्या झाडांचं. ह्ये रोगात टिकल्याल्यांचं. ह्ये कमी पान्यावर वाढल्यालं."

साहेब तिचं बोलणं वहीत लिहून घेत होते. माझ्या पोत्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्या पापानं पिकलेलं बी, आणि कौतुक तिचं!

ते गेल्यावर ती म्हणाली, "तुरीच्या फांद्या तूच वाकवल्या हुत्या ना?"

माझ्या तोंडून निघालं, "सासूबाईंनी तुमालाच शिकवलं."

"मग मला इचारायचं हुतंस की गं."

घरात तिनं हे कोणाला सांगितलं नाही. पुढच्या हंगामात माझा हात धरून तिनं पेरापेरावर फिरवला. नराच्या पेरात बारीक गोळ्या, मादीच्या पेरात पांढरे केस. शिकले मी. आमच्या रानातले नर त्या साली मीच काढले, एकही सुटला नाही.

सुगीनंतर साहेब पुन्हा आले. ओट्यावर बसता बसता त्यांनी विचारलं, "त्या थोरल्या बाई कुठायत?"

मी तिला हाक मारली, आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले.