खंडेनवमीचं पॉलिश

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि रफिकला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? – माहीत नाही. तुम्ही आम्हा दोघांना ओळखत नाही, म्हणून असेल.

मी टूलरूममधला माणूस. गाव खुटबाव, राहायला कारेगाव, नोकरी रांजणगावात. लोखंडाच्या धारदार कडा घासून मोडायच्या, बफच्या फिरत्या चाकावर धरून चकचकीत करायचं, हे माझं काम. माझ्या हातचा पार्ट इन्स्पेक्शनमधून कधी परत येत नाही, असं मी स्वतःच चारचौघांत सांगत असतो. रफिक शिरूरचा, त्याच कंपनीत असेंब्ली लाइनला. बस एक, जेवणाचं टेबल एक. दिवसभर उभं राहून त्याच्या पायांच्या शिरा फुगायच्या. लाइन सोड, असं डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं. सोडून जायचं कुठं, हा प्रश्न होता.

आता गोल्फ. हसू नका. आमच्या भागातल्या एका आप्पांनी उसाचं रान मोडून कंपन्यांच्या साहेबांसाठी गोल्फचं मैदान केलं. गावानं त्यांना वेड्यात काढलं. रविवारी आम्ही दोघं तिथं चेंडू गोळा करायला जायचो, आणि साहेब गेले की मोडीतल्या स्टिक घेऊन मारून बघायचो. माझा चेंडू म्हणजे दावं तोडलेलं वासरू. रफिकचा तसा नव्हता. मैदानाच्या मधोमध एक बाभूळ होती – तिला वळसा घालून तो चेंडू न्यायचा. आणि आखूड स्टिकनं उंच मारलेला चेंडू भोकाच्या खुणेसाठी रोवलेल्या झेंड्याजवळ पडला, की एक टप्पा घेऊन चक्क मागं सरकायचा. क्रिकेटमध्ये फिरकी असते तशीच ही फिरकी. चेंडू जातो पुढं आणि गरगरतो मागं. कुणी शिकवलं त्याला? कुणीच नाही. मला कौतुक वाटायचं. – नाही, असं नको. कौतुक होतं, पण त्याच्याखाली जळफळाट होता.

साहेबांना खेळ शिकवायला आप्पांना माणूस हवा होता. दसऱ्यानंतरच्या रविवारी साहेबांसमोर मारून दाखव, नोकरी तुझी, असं त्यांनी रफिकला सांगितलं. म्हणजे लाइन सुटणार होती. पाय वाचणार होते.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत मशिनी धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू वाहतात, आणि ज्याचं त्याचं हत्यार पूजेला ठेवतात. रफिकनं ती आखूड स्टिक आणली. जुनी, गंजलेली.

"आता ह्येच माझं हत्यार. धनाजी, चकाचक कर बरं का. पूजंला ठिवायचीय."

मी केली. आधी एमरी पेपर, मग बफ. अगदी जीव लावून केली, हेही खरं. जिथं चेंडू लागतो त्या तिच्या तोंडावर आडव्या रेघा कोरलेल्या होत्या, त्यांच्या कडा बोटाला लागत होत्या. कड लागली की मोडायची, ही माझी सवय. स्टिकचा आरसा झाला. सगळ्यांनी वाहवा केली. रफिकनं ती फडक्यात गुंडाळली आणि रविवारपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरवलं.

इथवर चूक होती. चूक कुणाची होत नाही?

शनिवारी मी एकटाच मैदानावर गेलो होतो. एक म्हातारे साहेब टूथब्रश घेऊन स्टिकच्या रेघांतली माती काढत बसले होते. मी सहज विचारलं, एवढं कशाला? त्यांनी माझं बोट रेघेवरून फिरवलं. ही कड चेंडूला पकडते, म्हणाले, हीच त्याला फिरवते. ही गेली की चेंडू नुसता सटकतो.

मला उभ्या जागी कळलं. फोन खिशात होता. म्हाताऱ्या साहेबांच्या पिशवीत तसलीच दुसरी स्टिक होती, मागितली असती तर त्यांनी दिलीही असती. मी काय केलं? घरी आलो. जेवलो. फोन चार्जिंगला लावून झोपलो. रफिकला सांगायचं म्हणजे माझ्या फिनिशनं तुझं वाटोळं केलं, असं सांगायचं. ते एक झालं. आणि दुसरं – उद्या त्याचाही चेंडू माझ्यासारखाच पळणार, हे मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

रविवारी सकाळी गवतावर दव होतं. झेंड्यामागं आप्पांचं शेततळं. रफिकचा पहिला चेंडू झेंड्यापाशी पडला, थांबला नाही, घसरत तळ्यात गेला. दुसराही गेला. मग त्यानं तळहात पँटला पुसले आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली – मार, मार. तोही तळ्यात.

"असू दे रं, हुतं असं," आप्पा म्हणाले. साहेब चहाकडं वळले.

रफिक स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत होता. "हात गेला रं माझा," म्हणाला. तेव्हाही सांगता आलं असतं, नाही का? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "व्हय. दडपान आलं तुला."

आप्पांनी पुण्याहून माणूस आणला. रफिक लाइनवरच राहिला, मैदानाकडं पुन्हा फिरकला नाही. आता पायांना पट्ट्या बांधून उभा राहतो. बसमध्ये मी त्याला कडेची जागा देतो, पाय लांब करता यावेत म्हणून. दोस्ती असावी तर अशी, असं लोक म्हणतात. आधी ते ऐकून मी खिडकीबाहेर बघायचो. आता मान डोलावतो.

स्टिक मात्र त्यानं टाकली नाही. दर खंडेनवमीला घेऊन येतो. "खेळत न्हाई तर न्हाई, पूजा कशाला चुकवायची," म्हणतो. यंदाही आणली. लाइनपासून टूलरूमपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. मी रेघांवरून बोट फिरवलं. काहीच लागलं नाही.

रफिक समोर स्टुलावर बसून पोटऱ्या चोळत होता. "तुझ्यासारखं फिनिश कुणालाच जमत न्हाई, धनाजी," म्हणाला.

मी बफ चालू केला.